जित्या आजीचं भाषण

यंदा थंडी लवकर पळाली आणि सगळ्या शिवारातले पेरू एकदमच लिंबाएवढे झाले. फळ तेवढं झालं की त्याला फोमची जाळी घालायची, वरून पिशवी चढवायची आणि देठापाशी गाठ मारायची. उशीर झाला तर फळमाशी डंख मारून जाते, आत अळी होते आणि वरून गोमटं दिसणारं फळ बाजारात कुत्रंसुद्धा हुंगत नाही. एकेका फळाला हात लावावा लागतो. बागा मागंपुढं असल्या की कामाला बायका मिळतात, पण यंदा अंथुर्णे गावाच्या त्या अंगाला जो तो आपल्याच बागेत अडकलेला. रंगूबाईनं ओळखीच्या घरी निरोप धाडले. सगळ्यांनी गोड बोलून वाटेला लावलं. मग तिनं मुलाचा जुना फुलशर्ट लुगड्यावर चढवला, डोक्याला पंचा गुंडाळला आणि एकटीच झाडांना भिडली.

घरात माणसं होती, पण कामाला नव्हती. मुलगा ज्ञानेश पिकअप चालवतो, गावचा माल बाजाराला नेतो. पहाटे जातो आणि दुपार कलल्यावर येऊन आडवा होतो. सून सुप्रिया बारामतीला कपड्यांच्या कंपनीत जाते. कंपनीची गाडी तिला सकाळी रस्त्यावरून उचलते ती दिवेलागणीला आणून सोडते. राहिली नात मोना, पाचवीतली. शाळा सुटली की ती दप्तर बांधावर टाकायची आणि आजीच्या हाताखाली फोमच्या जाळ्या फाकवून द्यायची.

लहान असताना ही मोना फार विचारायची. पेरूला एवढ्या बिया कशाला, माशीला दात असतात का, मेलेले आजोबा आता कुठं जेवतात. रंगूबाईचे दोन्ही हात फांदीत आणि दातांत गाठीची दोरी. ती दोरी न सोडता म्हणायची, "गप. हात चालव." त्यात राग नसायचा. तिच्या आईनं तिला तेच सांगितलं होतं, ज्ञानेशलाही तिनं तेच सांगून वाढवलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनातसुद्धा कधी आलं नाही.

मग सुप्रियानं नवा फोन घेतला आणि जुना पोरीच्या अभ्यासाला घरी ठेवला. त्यात एक बोलणारी बाई होती. मोना विचारी आणि ती आतून शुद्ध मराठीत उत्तर देई. कितीही विचारा, वैतागत नसे. गणित तीच सोडवी, निबंध तीच सांगे, मोना वहीत उतरून घेई. वहीवर शाबासकीचे शेरे पडू लागले. रंगूबाईलाही बरंच वाटलं, कानामागची भुणभुण गेली. पोर शहाणी झाली, शांत झाली, असं ती शेजारच्या नकोशीला कौतुकानं सांगायची.

शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषणांची स्पर्धा होती. विषय होता 'माझी आजी', आणि मोनाचं नाव त्यात होतं. रंगूबाईनं ऐन घाईत बागेचा एक दिवस मोडला. ज्यानं पेरू केलाय त्यालाच कळेल की त्या दिवसांत एक दिवस मोडायचा म्हणजे काय. तिनं हाताचा फवारणीच्या औषधाचा वास जावा म्हणून लिंबू चोळलं, ठेवणीतलं लुगडं काढलं आणि शाळेच्या मांडवात जाऊन पुढच्या रांगेत बसली. नकोशी म्हणाली, आपण मागं बसू. रंगूबाई म्हणाली, माझ्यावर बोलणार हाय, मागं कशाला?

मोना माईकपुढं उभी राहिली. केसांना रिबिनी, हात अंगाला चिकटलेले. पोरीचा आवाज खणखणीत निघाला.

"माझी आजी रंगूबाई म्हणजे मायेचा अथांग सागर. पहाटे ती जात्यावर दळण दळायची आणि तिच्या ओव्यांनी मला जाग यायची. तिच्या सुरकुतलेल्या हातांना चाफ्याचा सुगंध होता. रोज रात्री मला कुशीत घेऊन ती राजा-राणीच्या गोष्टी सांगायची."

रंगूबाई ऐकत होती. घरात जातं नव्हतं, चक्की नाक्यावर होती. ओवी तिला एक येत नव्हती. तरी तिला बरं वाटलं. लग्नात नाही का, काळ्या पोरीलाही गोरी म्हणतात. चालायचंच, असं म्हणून तिनं पदर सारखा केला.

"आज माझी आजी या जगात नाही," मोना म्हणाली आणि तिनं हात वर केला. "पण आकाशातल्या एका ताऱ्यातून ती माझ्याकडे पाहते. आजी, तू जिथे असशील तिथे सुखी राहा."

 मांडवात मागच्या बाजूला एक बाई पदर तोंडात कोंबून खुसखुसली. पुण्याहून आलेले पाहुणे मात्र चष्मा काढून डोळे पुसत होते. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. ते उठले, या चिमुरडीनं मला माझ्या आईची आठवण करून दिली म्हणाले, आणि सोडून गेलेल्या सगळ्या आज्यांसाठी आपण क्षणभर स्तब्ध उभं राहू या, असं त्यांनी सुचवलं. सगळा मांडव उभा राहिला. रंगूबाईपण उभी राहिली. मान खाली घालून, हात जोडून, ती आपल्याच नावानं उभी राहिली.

मोनाचा पहिला नंबर आला. बाहेर चपला शोधताना बायकांनी रंगूबाईला गाठलं. मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं इकडं मानतात. जी ती हेच म्हणाली, आयुष्य वाढलं बाई तुझं, आता कशाला मरतीस. रंगूबाई हसली. हसताना गाल दुखत होते.

घरी आल्यावर मोना बक्षिसाची ढाल टीव्हीशेजारी कुठं ठेवावी ते बघत होती.

"मोने, मी कवा मेले गं?"

"तसं न्हाय आजे. मॅडम म्हनल्या, भाषान भावनिक पायजे. मी फोनला म्हनलं भावनिक कर. त्यानं करून दिलं."

"आनि बोलताना तुला वाटलं न्हाय, आजी तर म्होरंच बसलीय?"

मोनानं खरंच आठवून बघितलं. उद्धटपणाचा लवलेश नव्हता तिच्या चेहऱ्यावर. "मी पाठ केलं हुतं," ती म्हणाली. "पाठ केल्यालं बोलताना काय वाटत न्हाय."

रंगूबाईला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मेले म्हणाली त्याचं तिला एवढं लागलं नव्हतं, ह्याचं लागलं. तिनं ज्ञानेशकडं बघितलं. तो मोनाच्या भाषणाच्या व्हिडिओचा तुकडा फोनवर स्टेटसला लावत होता. भाषणातलं कोण खरं धरतंय आये, असं म्हणून त्यानं विषय मिटवला. सुप्रियानं सासूची समजूत घातली की आत्याबाई, आता ह्याच भाषणावर इंदापूरला तालुक्याच्या स्पर्धेत जायचंय, पोरीचा धीर खचवू नका. म्हणजे आता तालुक्याच्या गावी जाऊन परत मरायचं. रंगूबाईनं ताटावरून हात काढला आणि भूक नाही म्हणाली.

पुढचे दिवस ती मोनाशी बोलली नाही. ठरवून नव्हे, जीभच उचलेना. सकाळी झाडाला भिडायची. जाळी, पिशवी, गाठ. उन्हानं पिशव्यांचं प्लास्टिक डोळ्यांवर चमकायचं, वर धरून धरून खांदे भरून यायचे, शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे वाफे उठायचे. मोना येऊन जाळ्या फाकवून द्यायची आणि आजी त्या न बघता घ्यायची. पोरगी दोनदा-तीनदा काहीतरी बोलायच्या बेतात थांबली, रंगूबाईला ते कडेच्या डोळ्यानं दिसलंही. तरी तिनं मान वळवली नाही. तिला वाईट वाटत होतं आणि तिला ते पोरीला दाखवायचं होतं, खोटं कशाला बोला.

शनिवारी शाळा सकाळची होती, त्यामुळं मोना दुपारीच बागेत आली. त्या दोघी मधल्या ओळीत असताना रस्त्यावर वडापची जीप थांबली आणि एकदम रडण्याचा आवाज उठला. साधं रडणं नव्हे. मयताच्या घरी येणाऱ्या बायका लांबूनच गळा काढतात, तसा गळा काढलेला. रंगूबाईनं पानं बाजूला करून बघितलं तर कोऱ्हाळ्याची तिची धाकटी बहीण तानूबाई, सोबत भावकीतल्या दोन बायका. तानूबाईचा पदर डोक्यावरून घसरलेला, दोन्ही हात छातीवर, आणि ती घराच्या वाटेनं धडपडत येत होती.

"आक्के, माझ्या आक्के गं, मला न सांगता कशी गेलीस. आई मेली तवा मी तुझ्या कडंवर हुते गं. कारखान्याच्या गाड्यांमागं पळून माझ्यासाठी ऊस ओढायचीस, चाकाखाली बोट चेमटलं तरी ऊस सोडला न्हाईस गं. माझं दूध आटलं तवा माझ्या दिगूला तू पाजलंस, आनि तुझ्या ज्ञानाला गाईचं दिलंस गं. आता मला तानी म्हून कोन हाक मारंल गं आक्के."

 रंगूबाईला वाटलं, तानीच्या घरात कुणीतरी गेलं. आक्का म्हणजे आपण, हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. हातात पिशवी तशीच धरून ती ओळीतून बाहेर आली. "तानं," ती म्हणाली, "कोन गेलं गं?"

तानूबाईनं वर बघितलं. क्षणभर तिच्या तोंडाचा आ तसाच राहिला. मग ती मटकन खाली बसली, आणि उठली ती थेट बहिणीच्या अंगावर. दोन्ही मुठींनी तिच्या पाठीत, खांद्यावर मारत सुटली. मारता मारता तिनं तिला घट्ट आवळलं आणि परत रडायला लागली. ते रडणं निराळं होतं.

घडलं होतं ते एवढंच. ज्ञानेश कौतुकानं तो तुकडा रोज नव्यानं स्टेटसला ठेवत होता. तानूबाईच्या सुनेनं आज तो फोनवर बघितला, तानूबाईनं पलीकडून आवाज ऐकला, माझी आजी रंगूबाई या जगात नाही. तिनं फोन लावले. ज्ञानेश गाडीवर, उचलेना. सुप्रियाचा फोन कंपनीच्या गेटवर जमा. रंगूबाईचा साधा फोन घरात देवळीत वाजत राहिलेला. माती करून मोकळे झाले आणि आपल्याला कळवलंसुद्धा नाही, असा तिनं अर्थ काढला आणि निघाली. कुणीही काढला असता.

मोना बांधावर उभी होती. फाकवलेली जाळी तशीच तिच्या बोटांत अडकली होती. ती आजीच्या हाताकडं बघत होती, उजव्या हाताच्या वाकड्या करंगळीकडं. त्या हातानं तिला लहानपणापासून न्हाऊ-माखू घातलं होतं.

ज्ञानेश आला तो तानूबाईच्या तावडीतच सापडला. जित्या आईला मारून गावाला दाखवत बसलाय, मावशी म्हणाली, तुझ्या बापानं बघितलं असतं तर चाबूक काढला असता. ज्ञानेश खालच्या मानेनं उभा राहिला. त्यानं ते स्टेटस काढलं आणि शाळेच्या मॅडमना फोन लावून हे भाषण आता नको म्हणून सांगितलं. मॅडम वाईट नव्हत्या. ऐकून त्याच गोंधळल्या, आजी हयात आहेत हे मला माहीत नव्हतं म्हणाल्या. पण सोमवारपर्यंत दुसरं भाषण झालं नाही तर तालुक्याला दुसऱ्या मुलीचं नाव द्यावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं. संध्याकाळच्या वडापनं तानूबाई परत गेली. जाताना तिनं बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट बघून घेतलं.

दिवेलागणीला मोना फोन घेऊन ओट्यावर बसली. रंगूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. आजी जिती हाय, दुसरं भाषण कर, असं मोनानं सांगितलं तशी ती बाई फोनमधून गोड आवाजात बोलायला लागली. आधी तिनं मोनाची माफी मागितली, आजी हयात आहेत हे ऐकून आनंद झाला म्हणाली. मग विचारलं, आजींचा स्वभाव कसा आहे?

"कामाची हाय," मोना म्हणाली.

छान, बाई म्हणाली. त्यांना काय आवडतं?

"च्या." मोना थांबली. अजून काही, असं फोननं विचारलं.  मग त्यांच्या लहानपणीची एखादी आठवण, असं फोन म्हणाला तेव्हा ती पटकन म्हणाली, ऊस ओढायची. म्हणजे नेमकं काय घडलं ते सांगाल का, बाईनं विचारलं. मोना म्हणाली, माहीत नाही.

रंगूबाईचा हात सुपात थांबला. तिथल्या तिथं ओरडून सांगावं, असं तिला वाटलं. पण काय आवडतं म्हणजे काय सांगायचं, हे तिलाही सुचेना. तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. फोनमधल्या बाईनं मात्र नातीला विचारलं. घरातल्या माणसांना जे सुचलं नाही ते त्या बिनजीवाच्या बाईला सुचलं, ह्याची तिला लाज वाटली.

हरकत नाही, फोन म्हणाला, आपण एक छानशी आठवण तयार करूया का?

आता निराळी आजी उभी राहणार. ही मरणार नाही एवढंच. रंगूबाई उत्तराची वाट बघत राहिली. मोना पडद्याकडं पुष्कळ वेळ बघत बसली.  शेवटी पडदा आपसूक काळा झाला आणि ती आत जेवायला गेली.

रविवारी सकाळपासून दोघी बागेत होत्या. कडेच्या ओळीत माशी दिसायला लागली होती, त्यामुळं रंगूबाईच्या हाताला उसंत नव्हती. मोना शेजारी जाळ्या फाकवत होती. मध्येच तिनं सगळ्या जाळ्या खाली ठेवल्या.

"आजे, म्हनून बघू का?"

दातांत दोरी होती. रंगूबाईनं मान हलवली.

मोना दोन झाडांच्या मध्ये, माईकपुढं उभी राहते तशी उभी राहिली. "आदरणीय व्यासपीठ," म्हणाली आणि अडली. परत पहिल्यापासून धरलं, परत तिथंच अडली. कपाळावर घाम आला. पाठ केलेलं काही नव्हतंच, तर आठवणार काय. रंगूबाईला वाटलं, आता रडते. पण तिनं हात मोकळे सोडले आणि झाडाकडं बघत, एकेक शब्द चाचपत ती बोलायला लागली.

"माझी आजी सकाळपासून पिशव्या बांधती. तिच्या तोंडात दोरी आसती. मी काय इचारलं की ती म्हनती, गप, हात चालव. म्हनून मी तिला इचारत न्हाय." ती थांबली. "येवढंच येतंय."

रंगूबाईला पहिल्यांदा संतापच आला. हे इंदापूरच्या स्टेजवर? यापरीस मेलेली बरी होते, असं तिच्या मनात आलं. पण संताप टिकेना, कारण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि हे पोरीला कुणी लिहून दिलं नव्हतं. इथं, तिच्यासमोर उभं राहून, घाम गाळून तिनं ते स्वतः जुळवलं होतं. आपण तिला आयुष्यभर जे दिलं तेच तिला सापडलं, दुसरं आणणार कुठून? 

मोना जवळ आली. विचारू की नको, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "आजे," ती म्हणाली, "मावशीआजीला रडताना सगळं येत हुतं. तू खरंच मेलीस तर मी काय म्हनून रडू?"

रंगूबाईनं तोंडातली दोरी काढली. हातातलं फळ तसंच सोडलं आणि झाडाबुडी बसली. मोनापण बसली. पेरूच्या सावलीला दम नव्हता, ऊन दोघींच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी पडत होतं. रंगूबाईनं बोलायला तोंड उघडलं. उसाच्या गाड्या, धुळीतून पळणं, आईची चिता, तानीचं कडेवरचं ओझं, दिगूला अंगावर पाजताना बाजूला रडणारा ज्ञाना, सगळं एकदम घशाशी आलं आणि एकातही धड सुरुवात सापडेना. सासूनं विचारलं नव्हतं, नवऱ्यानं नव्हतं, पोटच्या पोरानं नव्हतं. साठी उलटलेली बाई नातीसमोर बसून शब्द शोधत होती आणि नात घाई न करता वाट बघत होती.

"मला न्हाय सांगाया येत," शेवटी ती म्हणाली.  "तू इचार, मोने. येक येक इचार. मग बघते."